सेफ्टी व्हॉल्व वाजतोय म्हणजे धोका टळला, हे साफ चूक आहे

"गॅसच्या टाकीला घाबरू नका, सत्य जाणून घ्या" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मी वाचून सोडून दिला होता, पण काल तो माझ्या भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "उपयोगी आहे, सेव्ह करून ठेवा". भाचा वेल्डिंग शिकतोय, दिवसभर सिलिंडरच्या शेजारी उभा असतो. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये काय काय आहे ते आधी सांगते. टाकी फुटते कारण बाहेरची आग पाइपातून आत शिरते. सेफ्टी व्हॉल्वची शिट्टी वाजायला लागली की प्रेशर निघून जातंय, म्हणजे धोका टळला, आता जवळ जाऊन व्हॉल्ववरची ज्वाला विझवा. अर्धी रिकामी टाकी सेफ असते. न पेटणारा गॅस असेल तर काहीच होत नाही. फुटलीच तर टोकाकडून फुटते, म्हणून बाजूला उभं राहा. आणि शेवटी, ॲसिटिलीनचं (वेल्डिंगला लागतो तो गॅस) सिलिंडर तापलं तर ओलं पोतं टाका, हाताला गार लागलं की परत वापरा.

आग आत शिरते हे आधी निकालात काढू. जळायला ऑक्सिजन लागतो आणि टाकीत हवाच नसते. प्रोपेन (एलपीजीमधला एक मुख्य गॅस) हवेत साधारण २ ते १० टक्के मिसळलेला असेल तरच पेटतो, टाकीत तर नुसता गॅसच गॅस. खरी गोष्ट अशी की प्रोपेन उघड्यावर उणे ४२ अंशाला उकळतो, टाकीत तो द्रवरूप राहतो तो फक्त प्रेशरमुळे. २० अंशाला आतलं प्रेशर बाहेरच्या हवेच्या आठपटीच्या आसपास असतं, ५० अंशाला सतरापट. बाहेरून आग लागली की हा आकडा चढत जातो, आत ठिणगीसुद्धा जावी लागत नाही.

आता शिट्टीचा मुद्दा. हा सगळ्यात घातक आहे, कारण हा वाचून कोणीतरी पळायच्या ऐवजी पुढे जाईल.

सेफ्टी व्हॉल्व प्रेशर कमी करतो, पण तो पत्रा गार करत नाही. टाकीत खाली द्रव असतो, वर वाफ. पाण्याने भरलेलं पातेलं कितीही मोठ्या आचेवर ठेवलं तरी तळ जळत नाही, पाणी आटलं की मात्र बघता बघता लाल होतो, तसंच इथे आहे. द्रवाला टेकलेला पत्रा वाचतो कारण द्रव उकळून उष्णता खेचून घेतो, पण वरच्या भागाला आतून फक्त वाफ टेकलेली असते आणि वाफेला ती उष्णता खेचता येत नाही, त्यामुळे ज्वाला तिथे लागली तर पोलाद काही मिनिटांत ६०० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. आणि एवढ्या तापमानाला पोलादाची निम्मी ताकदसुद्धा उरत नाही. म्हणजे व्हॉल्वने आपलं काम अगदी चोख केलं, प्रेशर ठरलेल्या मर्यादेत ठेवलं, तरी तेवढ्याच प्रेशरला तो मऊ झालेला पत्रा फुगतो आणि फाटतो. त्यात व्हॉल्वमधून गॅस जात राहतो तसा आतला द्रव कमी होतो, आणि कोरडा भाग वाढतच जातो. म्हणजे शिट्टी जितका वेळ वाजते तितकी टाकी जास्त सुरक्षित होत नाही, उलट होतं.

पत्रा फाटला की प्रेशर एकदम पडतं, आणि आतला तापलेला द्रव, जो फक्त प्रेशरमुळे द्रव होता, तो एका क्षणात उकळतो. द्रवाचा गॅस होताना आकारमान अडीचशेपटीहून जास्त वाढतं. स्फोट तो हाच. पेटता गॅस असेल तर त्याचा आगीचा गोळा त्यानंतर होतो. इंडस्ट्रीत याला ब्लेव्ही म्हणतात.

हे कागदावरचं नाही. ४ जानेवारी १९६६ ला फ्रान्समधल्या फेझँ रिफायनरीत प्रोपेनच्या गोल टाकीखाली गळती होऊन आग लागली. सेफ्टी व्हॉल्व उघडला होता, त्यामुळे ही टाकी काही फुटणार नाही असं समजून आग विझवणारे शेजारच्या टाक्यांवर पाणी मारत बसले. टाकी फुटली. १८ माणसं गेली, त्यातले ११ अग्निशमन दलाचे. प्रशिक्षित माणसं होती ती, आणि त्यांचा समज नेमका या मेसेजमधलाच होता.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत अपघाताच्या जागी पोचणाऱ्यांसाठी जी इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक असते, त्यात स्पष्ट लिहिलंय की व्हॉल्वचा आवाज वाढायला लागला किंवा टाकीचा रंग बदलायला लागला तर ताबडतोब मागे हटा. आवाज वाढला तर मागे, पुढे नाही! आणि व्हॉल्ववरची ज्वाला विझवायची तर अजिबात नाही. विझवली तरी गॅस येतच राहतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली पसरत जातो, आणि कुठेतरी दुसरीकडे पेटतो. पाणी मारायचं ते टाकीच्या कोरड्या वरच्या भागावर, लांबून, आणि ते काम अग्निशमन दलाचं. व्हॉल्ववर पाणी मारलं तर बर्फ धरून तो अडकू शकतो, हेही त्याच पुस्तकात आहे.

एवढं मान्य करते की व्हॉल्व बिनकामाचा नाही. आग लहान असेल, लांब असेल, तर बऱ्याचदा तोच टाकी वाचवतो. पण "वाचवू शकतो" आणि "वाजला म्हणजे वाचलोच" यात जीव जाण्याइतका फरक आहे.

अर्ध्या रिकाम्या टाकीचं उत्तर वर आलंच, द्रव कमी म्हणजे कोरडा पत्रा जास्त. हां, भरलेल्या टाकीत इंधन जास्त म्हणून आगीचा गोळा मोठा होतो, आणि गच्च भरलेली असेल तर द्रव प्रसरण पावायलाही जागा उरत नाही (म्हणूनच साधारण ८० ते ८५ टक्केच भरतात). पण म्हणून अर्धी टाकी सेफ, हे कुठून काढलं?

न पेटणारा गॅस: कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन यांचीही सिलिंडरं आगीत फुटतात. ज्वाला होणार नाही, पण धक्का आणि उडणारे लोखंडाचे तुकडे असतातच.

बाजूला उभं राहा म्हणे. आडव्या टाकीची टोकं रॉकेटसारखी सुटू शकतात हे खरं, पण पत्रा कुठून फाटेल हे आग कुठे लागलीय त्यावर ठरतं. मेक्सिकोत सान हुआनिकोला १९८४ मध्ये गॅसच्या साठ्याला आग लागली तेव्हा टाक्या एक किलोमीटरच्याही पुढे जाऊन पडल्या होत्या. टँकर आगीत सापडला असेल तर ती गाइडबुक सगळ्या दिशांना १६०० मीटर रिकामं करायला सांगते. सगळ्या दिशांना.

राहिलं ओलं पोतं, आणि हे माझ्या भाच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आत काही जळत नाही असं मी वर म्हटलं, ॲसिटिलीनचं प्रकरण त्याहून वेगळं आहे. हा गॅस ऑक्सिजनशिवायही तुटतो आणि तुटताना स्वतःच उष्णता सोडतो. म्हणून तो सिलिंडरमधल्या सच्छिद्र भरावात ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. सिलिंडर आगीत तापलं की आत ही क्रिया सुरू होऊ शकते, आणि बाहेरची आग विझल्यावर, पत्रा हाताला गार लागत असतानासुद्धा ती आत हळूहळू चालू राहू शकते आणि काही तासांनी सिलिंडर फुटू शकतं. त्यामुळे हात लावून बघायचंच नाही, हलवायचं नाही, आडवं करायचं नाही. तिथून निघायचं आणि फायर ब्रिगेडला "ॲसिटिलीन आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ते लांबून बराच वेळ पाणी मारतात, मग थांबून बघतात की ओला पत्रा भरभर वाळतोय का, वाफ निघतेय का, आणि निघत असेल तर परत पाणी. असं सिलिंडर पूर्ण गार झालं तरी कामाला घ्यायचं नाही, आगीत सापडलेलं आहे असं सांगून ते पुरवठादाराच्याच ताब्यात द्यायचं.