शेपर्टनचं लंबगोल टेबल

नगरकडे राहणारा माझा धाकटा भाऊ गेली बारा वर्षं जातपंचायतींविरुद्ध काम करतोय. वाळीत टाकलेल्या कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसायचं आणि फिर्याद लिहून घेईपर्यंत उठायचं नाही, हे त्याचं काम. मागच्या महिन्यात फोनवर मी त्याला इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कूरी कोर्टाबद्दल सांगायला लागले. त्यात मूळ रहिवासी समाजातली वडीलधारी माणसं मॅजिस्ट्रेटशेजारी बसतात. ते ऐकून तो तडकलाच. "ताई, ज्या पंचांना उठवता उठवता आमच्या चपला झिजल्या, त्यांना तुम्ही कोर्टात खुर्ची दिलीत?"

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे लिहिते.

मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, शेपर्टनला नर्स आहे. हा सगळा मुलूख योर्टा योर्टा लोकांचा. कूरी म्हणजे देशाच्या आग्नेय भागातले मूळ रहिवासी, आणि त्यांच्यासाठीचं राज्यातलं पहिलं कोर्ट ऑक्टोबर २००२ मध्ये याच गावात सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने योर्टा योर्टांचा इथल्या जमिनीवरचा दावा फेटाळला. कोर्टात बसायला जागा मिळाली, जमीन मिळाली नाही. या कोर्टाबद्दल चांगलं बोलण्याआधी हे सांगितलंच पाहिजे.

ते सुरू का झालं, तर कोठडीतल्या मृत्यूंमुळे. १९८७ ते १९९१ या काळात एका शाही आयोगाने, म्हणजे सरकारने नेमलेल्या वरिष्ठ चौकशी आयोगाने, आदिवासींच्या ९९ मृत्यूंची चौकशी केली. कोठडीत जाणाऱ्यांतच आदिवासी इतके जास्त आहेत, म्हणून मरणाऱ्यांतही ते जास्त आहेत, हे त्यातून पुढे आलं. ते चित्र आजही बदललेलं नाही. लोकसंख्येत शंभरातले चार, आणि तुरुंगात तिघांतल्या एकाहून जास्त.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका योर्टा योर्टा मैत्रिणीसोबत, आधी विचारून, मी एकदा त्या कोर्टात मागे बसले होते. कोणाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. खोलीत एक मोठं लंबगोल टेबल. मॅजिस्ट्रेट उंचावर नाहीत, सगळ्यांच्या पातळीला. शेजारी दोन एल्डर, म्हणजे समाजातली मान असलेली वडीलधारी माणसं. मग पोलिसांचा वकील, आरोपीचा वकील, आरोपी आणि त्याची बहीण. एल्डरबाईंना सगळे 'आँटी' म्हणत होते, मॅजिस्ट्रेटसुद्धा.

पोरगा विशीतला, गाडी चोरल्याचा गुन्हा कबूल केलेला. (कबूल असेल आणि आरोपीने स्वतः मागितलं, तरच खटला इथे येतो. लैंगिक गुन्हे इथे चालतच नाहीत.) वकिलाने विचारलेल्याला तो हो-नाही एवढंच म्हणत होता. मग आँटींनी विचारलं, "तुझी आजी कोण?" त्याने नाव सांगितलं. "तिच्याबरोबर मी फळं तोडलीत. पहाटे चारला उठायचो आम्ही." पोरगा शर्टाची बाही बोटांवर ओढत राहिला. "आणि ज्या बाईची गाडी तू नेलीस, ती दुसऱ्या दिवशी कामावर कशी गेली असेल?" तो बराच वेळ गप्प होता. मग रडला. बहिणीने पाठीवर हात ठेवला, पण आँटींनी प्रश्न मागे घेतला नाही, पुन्हा विचारला. शिक्षा शेवटी मॅजिस्ट्रेटनेच दिली: तुरुंग नाही, देखरेखीखाली राहायचं, दारू सोडवण्याच्या उपचाराला जायचं.

भावाला मला हे सांगायचं होतं. पंच स्वतःच फिर्याद ऐकतात, निकालही स्वतःच देतात आणि दंडही स्वतःच घेतात. आँटींच्या हातात यातलं काहीच नाही, त्या फक्त बोलतात. पंचांपुढे बाई उभी असते ती आरोपी म्हणून, कौमार्याची परीक्षा द्यायला. इथे ती टेबलाशी बसून विचारते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, लाज तिकडेही वापरतात आणि इकडेही, पण पंच लाज दाखवून माणसाला तोडतात, आँटी त्याच्या आजीचं नाव काढून त्याला परत बांधून घेतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यातला एक शब्दही सैल व्हावा असं मी म्हणत नाही.

या कोर्टाने जादू होते असंही नाही. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात अशाच पद्धतीवर २००८ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. २०२० च्या अभ्यासात मात्र तुरुंगात जाणं बरंच कमी आणि पुन्हा गुन्हा करणंही थोडं कमी दिसलं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

खरा प्रश्न पुढचा आहे. पंच उठले, मग पारधी पोराच्या बाजूने कोर्टात कोण बोलतं? १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्याच्या पणजोबाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून पालावरच येते. न्यायाधीशांपुढे तो उभा राहतो तेव्हा त्याची आजी कोण हे त्या खोलीत कोणालाच माहीत नसतं. गुन्हा शाबीत झाल्यावर, शिक्षा ठरवण्याआधी अर्धा तास त्याच्या समाजातलं कोणी न्यायाधीशांशेजारी का बसू नये?

हे मी भावाला दुसऱ्या फोनवर विचारलं. तो म्हणाला, "बसवणार कोणाला? पुन्हा तेच पंच येऊन बसतील." मी त्यानेच सांगितलेल्या एका पारधी बाईची आठवण दिली. रात्री-अपरात्री पोरांच्या जामिनासाठी धावणारी, पंचांनी दोनदा वाळीत टाकलेली, तरी वस्तीतल्या सगळ्यांच्या सोयरिकी तोंडपाठ असलेली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती येईल गं. पण तिचा रोज बुडेल."

इथल्या एल्डरना कोर्टात बसल्याचा भत्ता मिळतो. तिलाही रोज आणि एसटीचं भाडं मिळायला हवं, आणि तेही त्याच दिवशी, हातात.