नॉर्मल आहे साहेब: नव्या एसयूव्हीच्या मालकांना चार गोष्टी

अभिनंदन! आली एकदाची गाडी. आठ महिने वेटिंग झालं, मधे दोनदा किंमत वाढली, पाहिजे तो रंग मिळाला नाही, इन्शुरन्स बाहेरून घेतो म्हणालात तर "मग डिलिव्हरीचं जरा बघावं लागेल सर" असं गोड आवाजात ऐकून मुकाट शोरूमचाच घेतलात, आरटीओ टॅक्सचा आकडा बघून घाम पुसलात (महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के), पण आली. मी या वाटेवर तुमच्यापेक्षा दीड वर्ष पुढं आहे, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा हक्क आहे माझा. गाडी कुठली ते मात्र विचारू नका, सांगणार नाही, का ते शेवटी कळेल.

तर डिलिव्हरीच्या दिवशी गाडी अजिबात तपासायची नाही. पीडीआय नावाचा एक प्रकार असतो म्हणे, गाडी नावावर व्हायच्या आधी यार्डात जाऊन उजेडात बघायची, टायरच्या बाजूला चार आकडे असतात त्यातला आठवडा आणि साल बघायचं, ओडोमीटर बघायचा, स्टेपनी काढून बघायची, सगळे पट्टे ओढून बघायचे, वर नळी धरून पाणी मारून बघायचं. असली कामं संशयी माणसं करतात. तुम्ही संध्याकाळी सहाला सहकुटुंब जा, मखमली कापड ओढा, केक कापा, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली हातात धरून फोटो काढा. आमच्या गाडीला शोरूमवाल्यांनी झेंडूचा एवढा जाड हार घातला की बरोब्बर पुढच्या रडारवर बसला आणि स्टार्ट केल्या केल्या स्क्रीनवर वॉर्निंग, सेन्सर ब्लॉक्ड. आई म्हणाली बघ, गाडी बोलते, शकुन चांगलाय. शकुन होता खरा, तेव्हापासून ती बोलायची थांबलेली नाही.

चाकाखाली लिंबू ठेवतात ना, त्याची एक गंमत आहे. अमेरिकेत नवी गाडी सारखी बिघडायला लागली तर तिला लिंबूच म्हणतात, लेमन, आणि तिथं राज्याराज्यांत लेमन लॉ आहेत, म्हणजे ठराविक वेळा दुरुस्त करूनही तोच दोष राहिला की कंपनीनं गाडी बदलून द्यायची नाहीतर पैसे परत करायचे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे लिंबू चाकाखाली ठेवायचं, फच्चकन चिरडायचं आणि लेमन घरी न्यायची.

आता गाडी चालवायला घेतलीत की अॅडास नावाच्या जावयाशी, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेशी, गाठ पडेल. काचेमागं कॅमेरा, पुढं रडार, आणि दोघांनी मिळून ठरवायचं की तुम्हाला गाडी येते की नाही. समोर धोका दिसला की आपोआप ब्रेक. संकल्पना उत्तम, खरंच सांगतो, त्यानं जीव वाचतात. आमच्या गाडीला मात्र धोका कशात दिसेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्या नाशकात द्वारका सर्कलच्या पुढं उड्डाणपुलावर पुढं कुत्रं नाही की माणूस नाही आणि हिनं सत्तरच्या स्पीडला असा करकचून ब्रेक मारला की मागचा टेम्पोवाला उतरून येऊन माझ्या तीन पिढ्यांची चौकशी करून गेला. पुढं दोन रिक्षांच्या मधून एक हातगाडी आडवी आली तेव्हा मात्र बाईसाहेब शांत. वर्कशॉपला सांगितलं. सर्व्हिस अॅडव्हायझर पोरगा चांगला आहे, टाय बिय लावून, त्यानं लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि पहिल्यांदा ते वाक्य म्हणाला जे तुम्ही आत्ताच पाठ करून ठेवा: "नॉर्मल आहे साहेब."

मग उपाय काय? बंद करून टाका. पण हे स्क्रीनच्या तिसऱ्या मेनूत आहे आणि गाडी बंद करून परत चालू केली की परत चालू होतं. म्हणून रोज सकाळी मी सीटवर बसलो की आधी एक, दोन, तीन अशा बटणांवर बोट ठेवून सगळी सुरक्षा बंद करतो आणि मग सुरक्षित निघतो. बायको म्हणते एवढ्या नेमानं तुम्ही कधी देवापुढं बसला नाहीत.

आवाजांबद्दल पण सांगून ठेवतो. ८० च्या वर गेलात की अधूनमधून टिंग आणि १२० च्या वर सलग टिंगटिंगटिंग, हे जुलै २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना कायद्यानं आहे, त्याबद्दल कंपनीला बोल लावू नका. समृद्धी महामार्गावर परवानगीच १२० ची आहे तेव्हा नागपूरपर्यंत ते भजन ऐकत जायचं. अडचण एवढीच की आमच्या गाडीत खरा धोक्याचा आवाज, दार नीट न लागल्याचा आवाज आणि मोबाइल मागं विसरल्याचा आवाज तिन्ही एकच आहेत. त्यामुळे इंजिन ऑइलचं प्रेशर गेलं तरी आम्ही सगळे आधी मोबाइलच शोधणार.

पाऊस. याच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण पाण्यानं माझाही बराच घेतलाय. पॅनोरॅमिक सनरूफ तुम्ही घेतलंच असणार, पोरं डोकं बाहेर काढायला मिळावं म्हणून हट्ट करतात (काढू देऊ नका हो, एवढं मात्र सरळ सांगतो). हे छताचं काच-प्रकरण मुळात पाणी पूर्ण अडवतच नाही, कडेच्या पन्हळीत पाणी येतंच, आणि कोपऱ्यातल्या बारीक नळ्यांमधून ते खाली रस्त्यावर जायचं असतं. नळी तुंबली किंवा फॅक्टरीत कुणी नीट खोचलीच नाही की पाणी दुसरा रस्ता शोधतं. आमच्या पाण्यानं शोधलेला रस्ता म्हणजे बरोब्बर बायकोच्या डोक्यावरचा दिवा. इगतपुरीला, जूनमध्ये, पहिल्याच पावसात. थेंब थेंब, अभिषेकासारखं. ती म्हणाली एसीचं पाणी असेल. म्हणजे बघा, आमच्या घरातसुद्धा कंपनीची माणसं आहेत.

वर्कशॉपमध्ये विचारलेले प्रश्न जसेच्या तसे देतो. सनरूफ उघडं राहिलं होतं का. नाही. गाडी झाडाखाली लावता का. हो. मग साहेब पानं जाणारच ना. म्हणजे नाशकात गाडी घ्यायची तर आधी झाडं नसलेली कॉलनी बघा. मग त्यांनी गाडी शॉवर टेस्टला घातली, सपाट फरशीवर उभी करून दहा मिनिटं पाणी मारलं, एक थेंब आला नाही. घाटात गाडी तिरकी असते तेव्हाच गळते असं मी म्हणालो तर म्हणाले तिरकी टेस्ट करायची सोय नाही. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, लिहिलं: प्रॉब्लेम आढळला नाही. शिक्का, सही. हे जॉब कार्ड फेकू नका, जपून ठेवा, याचा उपयोग मी शेवटी सांगतो.

आणि कार्पेटखाली पाणी राहिलं की नुसता वास येत नाही, खालून वायरिंग गेलेलं असतं. त्यामुळे पुढं ऑगस्टमध्ये मागची काच आपोआप खाली जायला लागली, रिव्हर्स कॅमेरा काळा झाला आणि एका रात्री अडीच वाजता पार्किंगमध्ये गाडीनं स्वतःहून हॉर्न धरला. सोसायटीच्या चेअरमननी मला पत्र दिलं, गाडीला नाही. वर्कशॉपचं पहिलं वाक्य, "बाहेरून डॅशकॅम लावलाय ना साहेब? मग वॉरंटीत बसणं अवघड आहे." डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा, सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावलेला होता. एकही वायर कापलेली नव्हती. पण दोष कुठंतरी ठेवायला जागा लागते आणि सगळ्यात मोकळी जागा मालकाच्या डोक्यावर असते.

तुम्ही म्हणाल काही असो, सेफ्टीला पाच स्टार आहेत ना. आहेत. भारत एनकॅप ही आपली सरकारी क्रॅश टेस्ट ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, गाडी ६४ च्या स्पीडनं अडथळ्यावर नेऊन आदळतात, बाजूनं ठोकतात, खांबावर घालतात, आत बाहुले बसवतात आणि मग मोठ्यांसाठी आणि लहानांसाठी वेगवेगळे मार्क देतात. चांगली गोष्ट आहे, २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेनं आपल्या पाच गाड्या पहिल्यांदा आपटल्या तेव्हा पाचीच्या पाची शून्य स्टार निघाल्या होत्या, तिथून आपण इथं आलोय. पण स्टार हे आदळल्यानंतरचे मार्क आहेत. उड्डाणपुलावर उगाच ब्रेक लागणं, पाणी गळणं, स्क्रीन हँग होऊन एसीसकट सगळं बंद पडणं, याला तिथं पेपरच नाही. शिवाय लॅबमधल्या बाहुल्याला पट्टा नीट लावलेला असतो. आमच्या मधल्या रांगेतलं डावीकडचं बक्कल लागतच नव्हतं, खटकन आवाज यायचा आणि ओढलं की सुटायचं. तिथं माझा मुलगा बसतो. इथं मी खरा चिडलो. अॅडव्हायझर हसून म्हणाला, "साहेब, मागं कोण लावतंय?"

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले, मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळ्या देशाला मागचा पट्टा आठवला. आणि त्याच देशात मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन दुकानांना सांगून तेरा हजारांवर लिस्टिंग काढायला लावावी लागली, कसली, तर पट्टा न लावता नुसती बक्कलमध्ये खुपसायची क्लिप, म्हणजे पट्ट्याची टिंगटिंग बंद. काही जण तर बाटलीचं ओपनर म्हणून विकत होते. तेव्हा त्या पोराचं तरी काय चुकलं म्हणा. बक्कल तिसऱ्या चकरेत बदललं, पार्ट यायला सात आठवडे लागले, तोवर मुलगा मधे बसला आणि आजी डाव्या बाजूला, हातानं वरचं हँडल धरून. पट्टा नसला तर दंड हजार रुपये आहे, तो अर्थात आपल्याला, बक्कलवाल्याला नाही.

एवढं झाल्यावर तुम्हाला कायदा आठवेल. आठवू द्या, विसराल. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०ए आलंय, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि पुरेशा मालकांनी तक्रार केली तर सरकार कंपनीला गाड्या दुरुस्तीला परत बोलवायला, म्हणजे रिकॉल करायला, लावू शकतं, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. वाचून छाती फुगते. यातला कळीचा शब्द "पुरेशा". आणि पुरेशा का होत नाहीत हे कळायला तुम्हाला आमच्या मालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये यावं लागेल. दोनशे चाळीस मेंबर. सकाळी गुड मॉर्निंग, गाडीचे सूर्योदयाबरोबर फोटो, आणि चुकून कुणी लिहिलं की माझ्याकडं पाणी गळतंय, की अॅडमिनचा मेसेज पाच मिनिटांत: "कृपया निगेटिव्ह पोस्ट टाळा, स्क्रीनशॉट बाहेर जातात, आपल्या सगळ्यांच्या रीसेलवर परिणाम होतो." मग त्याच माणसाला पर्सनलवर एकेक मेसेज यायला लागतात. दादा, तुमचं पण गळतं का? माझं पण. कुणाला सांगू नका. असं करत करत मी एकोणीस जण मोजले, सगळे भिजलेले आणि सगळे गप्प. कंपनी बिचारी रिकॉल हा शब्द वापरत नाही, "मान्सून चेकअप कॅम्प" घेते, त्यात गुपचूप नळी बदलते आणि वर एअर फ्रेशनर फुकट देते.

ग्राहक आयोगात जायचं तर जा, फी अगदीच किरकोळ, गाडी वीस ते पन्नास लाखांतली असेल तर हजार रुपये, दोन वर्षांच्या आत जायचं. निकाल तीन महिन्यांत, वस्तू लॅबमध्ये तपासायला लागली तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि कायद्याचा स्वभाव मुळात आशावादी आहे. दोष मुळातला, मॅन्युफॅक्चरिंगचाच आहे हे दाखवायचं ओझं तुमच्यावर, आणि समोरच्या वकिलाच्या हातात तुमचीच जॉब कार्डं. प्रॉब्लेम आढळला नाही. आढळला नाही. आढळला नाही.

मधे सर्व्हिसनंतर एक फोन येईल, दहापैकी किती मार्क द्याल. त्याआधी तो टायवाला पोरगा फोन करून सांगतो, साहेब नऊ दिले तरी आमच्याकडं फेल धरतात, इन्सेंटिव्ह कापतात, घरी आई आजारी असते. मी दहा दिले. अकरा वेळा गेलो, अकरा वेळा दहा दिले. कंपनीच्या रेकॉर्डला या नाशिक शहरात माझ्याइतका सुखी माणूस नाही.

तर आता ती जॉब कार्डं. मागच्या आठवड्यात गाडी विकायला काढली, बायकोनं जाहिरात लिहिली, "सिंगल ओनर, शोरूम मेन्टेन्ड, नॉन अॅक्सिडेंट, टॉप मॉडेल". एका गृहस्थांचा फोन आला, चोखंदळ माणूस, दीड वर्षातच का विकता म्हणाले, काही प्रॉब्लेम वगैरे? मी म्हणालो काका, माझ्या शब्दावर जाऊच नका, कंपनीचे कागद आहेत. अकरा जॉब कार्डं क्रमानं लावून पीडीएफ पाठवली, प्रत्येकावर शिक्क्यानिशी लिहिलंय प्रॉब्लेम आढळला नाही. ते एकदम खूश, म्हणाले एवढं रेकॉर्ड ठेवणारा माणूस हल्ली मिळत नाही. रविवारी बघायला येतायत. मॅट गच्चीवर वाळत घातल्यात, तोवर वाळतील. धुळ्याचे आहेत, तिकडं पाऊस कमी.