‘चिठोरी’ या शब्दाबद्दल

महोदय,

नाकबासरीच्या जुन्या माहितीपत्रकांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, “खेड्यात बसून नाकाने वाजवायच्या खेळण्यांची चिठोरी जमवणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, त्यातही पत्रकांची साले अंदाजाने लिहिली आहेत आणि जुना कागद लॅमिनेट करून कायमचा बिघडवला आहे.” मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र सत्तावीस वर्षे शाळेत मुलांना शिकवलेल्या माणसाशी कोणत्या शब्दांत बोलावे, याचा पोच आपण ठेवलेला नाही.

एक चूक मान्य करतो. हवाई बेटांवरील बांबूच्या नाकबासरीला बोटांसाठी छिद्रे असतात, पत्र्याच्या नाकबासरीला ती नसतात; माझ्या एका वाक्यात दोहोंची सरमिसळ झाली होती. ते वाक्य दुरुस्त केले आहे.

आता ‘चिठोरी’. चिठोरे म्हणजे काम संपलेला कागद, हे आमच्या आर्वी तालुक्यात किराणा दुकानात पुड्या बांधणाऱ्या पोरालाही समजते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘ह्यूमनाटोन’ या नावाने पत्र्याची नाकबासरी विकली जाई. तिला छिद्र नाही, कळ नाही, आणि ओठांनी फुंकून ती वाजत नाही. पत्रकावाचून माणूस ती हातात घेऊन नुसता बघत राहील. नाकातून सोडलेला श्वास एका फटीतून उघड्या तोंडासमोरच्या धारेवर आदळतो, तोंडाची पोकळी घुमते, आणि ती लहान केली की सूर चढतो, मोठी केली की उतरतो. थोडक्यात, अर्धे वाद्य वाजवणाऱ्याच्या तोंडात असते आणि ते कसे वापरावे हे कागदावर असते. माझ्याजवळच्या एका पत्रकात मिशीवाल्या गृहस्थाच्या नाकाकडून तोंडाकडे बाण काढला आहे, आणि नेमकी तिथलीच घडी विरून गेली आहे. कोणीतरी ते चित्र पुन्हा पुन्हा उघडून पाहिले असणार. याला आपण चिठोरे म्हणता!

माझ्या वडिलांचे कृषी केंद्र होते. कपाशीवरच्या औषधाच्या बाटलीसोबत येणारी बारीक अक्षरांची घडी ते भिंग धरून प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवत, आणि गिऱ्हाईक ती पायरीवरच टाकून जाई. त्या घड्या मी वेचून वहीत ठेवत असे. माझ्या संग्रहाचा आरंभ तो आहे. असले कागद वाचणे आपल्याला रिकामटेकडेपणाचे वाटत असेल, तर आपण फवारणीचा पंप कधी पाठीला लावलेला दिसत नाही.

सालांचे म्हणाल, तर पत्र्याच्या नाकबासऱ्या आधीच्या आणि प्लास्टिकच्या नंतरच्या, एवढे मला पुरते. सनावळीचा कीस पाडण्याची हौस आपण भागवावी.

राहिला लॅमिनेशनचा प्रश्न. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, कागद पापडासारखा मोडतो, आणि पावसाळा लागला की कसर येते. ती अकरा पत्रके मी एसटीने आर्वीला नेऊन पदरच्या पैशांनी लॅमिनेट करून आणली आहेत, आणि त्यावर मला चर्चा करावयाची नाही.