‘डिग्री नको, कोर्स पुरे’ हा मेसेज पुढे पाठवू नका

माझी भाची भांडुपला राहते, टीवायबीएला आहे. परवा जेवताना ताटाशेजारी मोबाइल ठेवून म्हणाली, “मामा, शेवटची सेमिस्टर द्यायचीच कशाला?” मेसेज महिनाभर ग्रुपांवर फिरतोय: बारावी पास पुरे, १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स करा, कोरिया, जपान, थायलंडमध्ये इंग्रजी शिकवा, टुरिस्ट व्हिसावर जा, परमिट तिकडे होतं. सगळे मिळून ८५ हजार. ताई त्यासाठी एफडी मोडायला निघाली होती.

कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना, आणि पदवी त्यांनाही लागते. भारतीयांसाठी व्यापार करारातून एक वेगळी वाट आहे, पण तिथे पदवी तर हवीच, वर शिक्षकाच्या पात्रतेचा दाखला. शाळांसाठी परदेशातून शिक्षक बोलावणाऱ्या जपानच्या सरकारी जेट कार्यक्रमाला पदवी लागते. खासगी क्लासमध्ये शिकवायचं तर पदवी, नाहीतर किमान तीन वर्षांचा अनुभव कागदावर. बारावीच्या पोरीकडे तो कुठून येणार?

आता टुरिस्ट व्हिसा. हे वाचून माझं डोकंच फिरलं. थायलंडमध्ये टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. रीतसर मार्ग म्हणजे शाळेचे कागद, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट, आणि शाळेत शिकवायला तिथली शिक्षक परिषद पदवीच मागते. म्हणजे ‘तिकडे होतं’ म्हणतात ते परमिट बारावीच्या जोरावर होतच नाही. पकडलं गेल्यावर दंड, कोठडी, हद्दपारी भोगायची मुलीने. एजंट इथे पैसे मोजत बसणार. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता: थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने गेलेल्या आयटीच्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबलं गेलं. तीही टुरिस्ट व्हिसाचीच वाट होती.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या केंब्रिजच्या सेल्टा कोर्सला पदवीची अट नाही, आणि तो जगभर मानला जातो. कंबोडियात काही शाळा पदवीशिवाय घेतातही. पण सेल्टात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, मागे बसलेला परीक्षक प्रत्येक चूक टिपत असतो. घरी बसून व्हिडिओ पाहून मिळणारं प्रमाणपत्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय प्रमाणपत्र कोर्सवाले देतात, व्हिसा त्या देशाचं सरकार देतं.

राहिला एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार, वर जीएसटी. ताईच्या फोनवरून मी त्याला नोंदणी क्रमांक विचारला. “ऑफिसला या, सांगतो” म्हणाला. दुसऱ्यांदा विचारल्यावर नंबर ब्लॉक केला. एफडी शाबूत आहे आणि भाचीने परीक्षेचा फॉर्म भरलाय.