मॅन्युअल गिअर पोरांनी मारला नाही

तीन पेडलांचा (क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर) फोटो, त्याला घातलेला हार आणि खाली मजकूर. महिन्याभरात हा मेसेज मला आठ जणांनी पाठवला, त्यातले सहा माझे गिऱ्हाईक. मजकूर असा:

"मॅन्युअल गिअर मेला, कारण आजच्या पोरांना क्लच दाबायला येत नाही. खरी स्पोर्ट्स कार पहिल्यापासून तीन पेडलांचीच. मॅन्युअल हलकं असतं, जास्त पळतं, मायलेजही जास्त देतं. ऑटोमॅटिक ही नुसती कंपन्यांची विक्रीची चाल. घाटात ऑटोमॅटिक म्हणजे मरण. एकदा गेलेलं मॅन्युअल परत येत नाही. आपली पिढी ही शेवटची ड्रायव्हर पिढी."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. २२ वर्षं क्लच आणि गिअरबॉक्सचीच कामं करतोय. गाडी शिकलो वडिलांच्या जुन्या ट्रकवर. डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबल्याशिवाय, तिसऱ्यातून दुसरा पडायचा नाही. आजही स्वतःसाठी गाडी घ्यायची झाली तर मी मॅन्युअलच घेईन. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याचं आणि माझं दुखणं एकच आहे. पण त्यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं तर बहुतेक ठिकाणी ते चुकीचं नाहीतर अर्धवट निघालं. पहिलं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून ते शेवटी घेतो.

"पहिल्यापासून तीन पेडलांची" हा दावा लवकर निकालात निघतो. अमेरिकेची सगळ्यात नावाजलेली स्पोर्ट्स कार म्हणजे शेव्हरोले कॉर्व्हेट. १९५३ साली, पहिल्या वर्षी, ३०० कॉर्व्हेट बनल्या आणि तीनशेच्या तीनशे दोन गिअरच्या ऑटोमॅटिक होत्या. तिच्यात मॅन्युअल आलं १९५५ मध्ये. २०२०च्या मॉडेलपासून ती पुन्हा दोन पेडलांवर गेली तेव्हा परंपरा मोडली म्हणून ओरड झाली, पण परंपरा कुठून सुरू झाली हे कुणी बघितलं नाही. लांब कशाला, दरवर्षी शाही दसऱ्याला आपल्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मायबाख येते आणि अख्खं कोल्हापूर तिच्याकडं बघत उभं राहतं. ही मायबाख कंपनी १९३०च्या दशकातच असे गिअरबॉक्स बनवत होती की स्टिअरिंगवरच्या छोट्या दांड्यांनी गिअर निवडायचा आणि तो बदलायचं काम व्हॅक्यूमनं व्हायचं. डाव्या पायाला आराम द्यायची धडपड आजच्या पोरांच्या पणज्यांच्या काळातली आहे.

आता वेगाचं. मॅन्युअल जास्त पळतं, हे एके काळी अगदी खरं होतं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलातून पुढं जायची, त्यात घसर व्हायची आणि गिअर असायचे तीन नाहीतर चार. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट चिकटली की ताकद थेट चाकांना. आमच्या पिढीच्या डोक्यात तेव्हाची तुलना बसली ती बसलीच.

ड्युअल-क्लच आला आणि हे उलटलं. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच आणि दोन शाफ्ट असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो, ताकद जवळजवळ तुटतच नाही. माणूस कितीही चपळ असो, क्लच दाबून, दांडी ओढून, क्लच सोडेपर्यंत गाडी तेवढा वेळ मोकळीच पळते. पोर्शेनं हे १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर वापरून बघितलं होतं. रस्त्यावरच्या मोठ्या उत्पादनात ते २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून आलं, आणि पोर्शेच्याच ९११ ला ते २००८ मध्ये मिळालं.

सगळ्यात सरळ पुरावा म्हणजे ९११ जीटी३, कारण ती एकाच इंजिनावर दोन्ही गिअरबॉक्समध्ये मिळते. ० ते १०० ला ड्युअल-क्लच ३.४ सेकंद घेते, मॅन्युअल ३.९. मॅन्युअलचं वजन १७ किलोनं कमी आहे, म्हणजे हलकेपणाची गोष्ट मेसेजवाल्यानं बरोबर लिहिली. तरीही ती अर्धा सेकंद मागं राहते.

वेगाच्या जोडीला टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या ताकदीचा, प्रश्न आहे, आणि यावर फारसं कुणी बोलत नाही. इंजिनाचा टॉर्क वाढला की क्लच प्लेट घसरू नये म्हणून तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड वाढवावी लागते, आणि ते वाढलेलं ओझं शेवटी ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर येतं. गिअरचे दाते, सिंक्रो रिंग, शाफ्ट, सगळंच जाड करावं लागतं आणि मग दांडी जड होते. बीएमडब्ल्यूच्या आताच्या पिढीतल्या एम३ चं उदाहरण घ्या. मॅन्युअलमधली गाडी ५५० न्यूटन-मीटरची होती आणि तिचीच जास्त ताकदीची, ६५० न्यूटन-मीटरची 'कॉम्पिटिशन' आवृत्ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये. २००५ च्या बुगाटी वेरॉनचा टॉर्क १,२५० न्यूटन-मीटर होता. तिला सात गिअरचा ड्युअल-क्लचच दिला होता. पोरांना येतं की नाही, हा तिथं विषयच नव्हता.

मायलेजमध्ये मॅन्युअल पुढं, हा नियमही आता राहिला नाही. लांबची उदाहरणं नकोत, २०२४ ची स्विफ्ट बघा. कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागं २४.८० किलोमीटर आणि एएमटीला २५.७५. आणि एएमटी म्हणजे वेगळं काही यंत्र नाही. तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तोच क्लच. फक्त पाय आणि हाताच्या जागी ॲक्च्युएटर, म्हणजे क्लच दाबणारं आणि गिअर टाकणारं यंत्र. कितव्या वेगाला कोणता गिअर, हे तो कंटाळा न करता पाळतो. माझ्याकडं येणारे किती तरी जण तिसऱ्यातच गाडी ओढत असतात, आणि मायलेज मिळत नाही म्हणून प्लग बदलायला लावतात.

"विक्रीची चाल" या शब्दांत मात्र थोडं तथ्य आहे, पण मेसेजवाल्याला वाटतं तसं नाही. एका मॉडेलला दोन गिअरबॉक्स द्यायचे तर प्रदूषणाच्या चाचण्या, सॉफ्टवेअरची जुळणी, सुट्या भागांचा साठा, सगळं दोनदा. पुढची गाडी थांबली की आपणहून थांबणारा आणि आपणहून निघणारा क्रूझ कंट्रोल मॅन्युअलला जमत नाही, कारण क्लच कुणी दाबला नाही तर इंजिन बंद पडणार. मॅन्युअल घेणारे कमी झाले की हा दुहेरी खर्च पहिल्यांदा कापला जातो. गोल्फ जीटीआयचं मॅन्युअल २०२५ च्या मॉडेलला बंद झालं. फेरारीच्या यादीतून तर ते कधीच गेलं, आणि लॅम्बोर्गिनीत गायार्दोनंतर मॅन्युअल आलंच नाही.

घाटाबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण यात माणसांचे जीव आहेत. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं म्हणजे आंबा घाट, गगनबावड्याचा करूळ नाहीतर भुईबावडा, किंवा राधानगरीकडून फोंडा. उतारावर गाडी सांभाळायचं काम इंजिनाचं. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, असं आमचे वडील सांगायचे. मॅन्युअलमध्ये हे सोपं आहे आणि सवयीचं आहे, मान्य. पण ऑटोमॅटिकमध्येही एम (गिअर आपण निवडायचा), एल (खालचा गिअर) किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल दिलेले असतात ते याचसाठी. डी वर, म्हणजे गिअर गाडीवरच सोडून, नुसत्या ब्रेकवर घाट उतरला की पॅड तापतात, वास येतो आणि एका वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ही चूक वापरणाऱ्याची.

आणि मॅन्युअलवाल्यांची चूक? पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरणारे मी लहानपणापासून बघत आलोय, आणि त्यात सगळे पन्नाशीच्या पुढचे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. म्हणजे पेट्रोलही जास्त आणि इंजिनाचा ब्रेकही गेला. घाटात मरण असेल तर ते या न्यूट्रलमध्ये आहे.

एवढं मात्र मेसेजच्या बाजूनं म्हणेन: एएमटी चढावरच्या अवघड वळणात गिअर बदलताना दम खाते, आणि हिल-होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर उभ्या चढावर मागं सरकते. तिथं गाडी एम वर टाकून दुसऱ्यात ठेवायची आणि थांबलात तर हँडब्रेक लावायचा. कोरड्या क्लचचा, म्हणजे क्लच तेलात नसलेला, ड्युअल-क्लच असेल तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवू नका. समोर जागा होऊ द्या, मग एकदम पुढं घ्या, नाहीतर प्लेट तापते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझे वडील एएमटीच चालवतात. गेल्या दिवाळीत आंबा घाट त्यांनीच उतरवला, सगळा दुसऱ्या-तिसऱ्यात. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मी चाकाजवळ हात नेऊन बघितला, फार तापलेलं नव्हतं. ४० वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला हा मेसेज ड्रायव्हर म्हणायला तयार नाही.

"गेलेलं परत येत नाही," हे तर सरळ चूक. पोर्शेनं २०१३ मध्ये जीटी३ फक्त ड्युअल-क्लचमध्ये आणली. गिऱ्हाईक नाराज झालं. २०१६ मध्ये कंपनीनं मॅन्युअल गिअरची ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या, आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत. टोयोटाची नवी सुप्रा २०१९ ला नुसत्या ऑटोमॅटिकमध्ये आली, २०२२ मध्ये तिला सहा गिअरचं मॅन्युअल जोडावं लागलं. पगानीनं २०२२ मध्ये उटोपिया दाखवली, कोट्यवधींची गाडी, तिलाही मॅन्युअलचा पर्याय. होंडाची सिव्हिक टाइप आर फक्त मॅन्युअल. आपल्याकडं बीएमडब्ल्यूनं २०२३ ला एम२ आणली तेव्हा सहा गिअरचं मॅन्युअल मागून घेता येत होतं. फोक्सवॅगन व्हर्टसच्या दीड लिटर टर्बोला त्याच वर्षी मॅन्युअल मिळालं. सेकंद वाचवायला आता मॅन्युअलची गरज नाही. हातापायाला होणाऱ्या आनंदासाठी आहे, आणि त्यासाठी पैसे मोजणारी माणसं आहेत.

आता पहिलं वाक्य. आजच्या पोरांना क्लच दाबायला येत नाही म्हणून मॅन्युअल मेला.

हे सुरू कुठून झालं ते बघा. १९८९ मध्ये फॉर्म्युला वनच्या फेरारीत जॉन बर्नार्ड यांनी स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलायची यंत्रणा बसवली आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकले. मॅन्सेलना काय क्लच येत नव्हता? १९९१ ला त्याच ब्राझीलमध्ये आयर्टन सेना जुन्या दांडीच्या मॅक्लारेनवर होते. एकेक गिअर जात गेला आणि शेवटी गाडी सहाव्यातच ओढत त्यांनी शर्यत जिंकली. नंतर त्यांना हातसुद्धा धड उचलता येत नव्हते. मागं विल्यम्समध्ये मॅन्सेल होते, नवा सेमी-ऑटोमॅटिक घेऊन. त्यांची गाडी गिअरबॉक्सनंच बंद पडली. मला ती शर्यत फार प्रिय आहे. पण सेनासारख्या माणसालाही मॅक्लारेननं पुढच्याच वर्षी पॅडलवाली गाडी दिली. जगातल्या सगळ्यात कसलेल्या हातांनी दांडी सोडली ती वेळ वाचवायला आणि चुकीचा गिअर पडून इंजिन उडू नये म्हणून. तिथून ते रस्त्यावर उतरलं: १९९७ ला फेरारी एफ३५५, २००७ ला निस्सान जीटी-आर. आज ड्रायव्हिंगचा क्लास लावणारी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती.

आपल्या कोल्हापुरातच गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या इथं झाल्या आहेत. तिथली दहा-बारा वर्षांची पोरं बघा. रोटॅक्स कार्टला दोनच पेडल: डाव्या पायाला ब्रेक, उजव्याला ॲक्सिलरेटर. क्लच आपोआप धरतो, गिअर एकच. म्हणून ती पोरं ड्रायव्हर नाहीत? ब्रेक कुठं मारायचा, वजन पुढच्या चाकांवर कधी टाकायचं, वळणाच्या आत कुठं घुसायचं, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं मेसेज पाठवणाऱ्या आठांपैकी एकालाही कळत नाही. मलाही नाही.

राहिला क्लच. माझ्याकडं जळालेल्या प्लेट येतात त्या बहुतेक हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरणाऱ्यांच्या. सिग्नलला चढावर ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलायची, ही आमच्या वयाच्या लोकांची सवय, आणि ते ती कौतुकानं दाखवतात. उलट गेल्या पावसाळ्यात २३ वर्षांचा एक पोरगा आला. मॅन्युअल टर्बो हॅचबॅक, सेकंड-हँड, हवी तशी मिळेपर्यंत चार महिने थांबून पुण्याहून आणलेली. ८१,००० किलोमीटर पळालेली, त्यातली निम्मी याच्या हातची. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग आवाज करत होतं म्हणून गिअरबॉक्स उतरवला. उतरवलाच आहे तर क्लचचा सेट नवा टाकला. जुनी प्लेट मोजली तर मटेरियल निम्म्याहून जास्त शिल्लक, रिव्हेटपर्यंत कुठंच झिजलेली नाही, तापून पडणारा निळा डाग नाही. मी ती भंगारात टाकली नाही. कॅश काउंटरच्या मागं खिळ्याला टांगली आहे; मेसेज पाठवणाऱ्या सहाही गिऱ्हाइकांना मी ती हातात देऊन दाखवणार आहे.