‘बाईपण-पुरुषपण निसर्गानेच दिलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाइकांच्या आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाईपण आणि पुरुषपण कुणी शिकवत नाही, ती निसर्गाची देणगी आहे. दोन वर्षांची पोर आपोआप बाहुली उचलते, पोरगा गाडी उचलतो, आणि माकडांतही शास्त्रज्ञांना हेच दिसलं. रांधणं-सांभाळणं बाईच्या रक्तात असतं. पुरुष रडला तर घर खचतं. खान्देशात ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालली होती, ती टीव्हीने आणि शिकलेल्या सुनांनी बिघडवली. शेवटी विनंती आहे: ‘प्रत्येक आईने हे आपल्या मुलीला वाचून दाखवावे.’

मेसेज पुढे पाठवणारी बरीच माणसं मायेची, कष्टाची आहेत. म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं. आणि सुरुवात त्या विनंतीपासूनच करतो. जे मुलीला जन्मतःच मिळालं आहे, ते तिला वाचून का दाखवावं लागतं?

आता बाहुलीचं. पोर दोन वर्षांची होईपर्यंत तिच्या भोवती काय काय होऊन गेलेलं असतं ते बघा. दवाखान्यातून बातमी आली की पेढे वाटायचे की जिलेबी, हे पहिल्याच दिवशी ठरतं. १९७६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. खोक्यातून एकदम उसळणारं खेळणं पाहून रडणाऱ्या एकाच बाळाची फिल्म लोकांना दाखवली. ‘हा मुलगा आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला. ‘मुलगी आहे’ सांगितलेल्यांना भीती. बाळ तेच, रडणं तेच. १९७८ साली इंग्लंडमध्ये सहा महिन्यांच्या बाळांना कधी मुलाचे, कधी मुलीचे कपडे घालून अनोळखी आयांच्या हाती दिलं. मुलगी समजून घेतलेल्या बाळापुढे आयांनी आधी बाहुली धरली, मुलगा समजून घेतलेल्यापुढे हातोडी, आणि त्याला हालचाल करायलाही जास्त चेतवलं. त्या आया काही दुष्ट नव्हत्या. आपण हे करतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही नसावं. सारंगखेड्याच्या यात्रेत नातीला भांडीकुंडी आणि नातवाला ट्रॅक्टर घेऊन देणारा आजोबाही असाच प्रेमाने वागत असतो.

आपल्या गुलाबाईकडे, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाकडे, बघा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात. ती गाणी मला मनापासून आवडतात आणि ती टिकायला हवीत. पण त्यांत काय आहे? सासू, सासरा, नणंद, माहेरची ओढ, न्यायला येणारा भाऊ. आठ वर्षांच्या पोरीला सासर कसं असतं, तिथे काय सोसायचं असतं, हे तोंडपाठ होतं. तिच्याच वयाचा भाऊ त्या वेळी बाहेर खेळत असतो. तू पुढे कुणाचा तरी नवरा होशील, परक्या घरून आलेल्या माणसाशी कसं वागशील, हे सांगणारं एकही गाणं त्याला कुणी शिकवत नाही. पंधरा वर्षांनी दोघं आपापल्या लग्नाला उभी राहतात. तिची तयारी झालेली असते, त्याची नसते, आणि या फरकाला आपण स्वभाव म्हणतो.

माकडांचा प्रयोग खरा आहे, २००२ सालचा. व्हर्वेट जातीच्या माकडांत नर चेंडू आणि मोटारीशी जास्त वेळ रमले, माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्याशी. पण माकडीण स्वयंपाक करत नाही. भांडं म्हणजे काय हेच तिला ठाऊक नाही. मग तिने भांडं हाती घेतलं यावरून चूल बाईचीच, हे कसं सिद्ध होतं? शरीरात फरक आहेत, संप्रेरकांचा परिणाम वागण्यावर होतो, धसमुसळ्या खेळाची ओढ मुलांत सरासरीने जास्त दिसते. हे मी नाकारत नाही. पण त्या सरासरीतून ताट कुणी वाढायचं आणि शेवटी कुणी जेवायचं, हे निघत नाही. ते आपण ठरवलेलं आहे.

रक्ताचाच विषय आहे तर भरीत पार्टी आठवा. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी कोण भाजतं, कोण ठेचतं, फोडणी कोण देतं? बहुतेक वेळा गडीमाणसं, आणि झकास करतात. लग्नातला आचारीही पुरुषच असतो. खापरावरचे मांडे मात्र बाया करतात, आणि तो हात बसायला वर्षं जातात. रक्तात असता तर शिकावं लागलं नसतं. रोजच्या स्वयंपाकाला ना पैसा ना वाहवा, तेवढा बाईच्या वाट्याला येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्या कामात गेला, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच १०० मध्ये २६ होते. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे बसते तेव्हा ती दमलेली असते. निसर्ग तिला दमण्यातून सूट देत नाही.

‘पुरुष रडला तर घर खचतं’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ‘पोरीसारखा काय रडी ऱ्हायना रे!’ हे आमच्याकडे गुडघा फुटलेल्या पाच वर्षांच्या पोराला ऐकावं लागतं. तोच मोठा होतो, कर्ज होतं, बोंडअळीने कपाशी जाते, आणि बायकोजवळही तो तोंड उघडत नाही. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत सातच्या आसपास पुरुष असतात. कारणं अनेक आहेत, पण मदत मागायची लाज हे त्यातलं एक आहे, आणि ती लाज आपण शिकवलेली आहे. याच खान्देशात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. ते सगळ्यांदेखत रडत. पुढे तेच गुरुजी सत्याग्रहात उतरले आणि धुळ्याच्या तुरुंगात गेले. त्यांच्या रडण्याने कुणाचं घर खचलं?

राहिली ‘सुखाने चाललेली’ जुनी वाटणी. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली होत्या ८४२. २००१ मध्ये ८८० होत्या. निसर्गाच्या हिशोबाने त्या ९५० च्या आसपास असायला हव्यात. शेजारच्या नंदुरबारमध्ये त्याच जनगणनेत ९४४ होत्या. हवा-पाणी एवढं बदलत नाही; बदलतं ते मुलगी म्हणजे काय, याबद्दलचं समाजाचं मत. कानबाई या आमच्या देवीच्या उत्सवात रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, आमच्याकडे बऱ्याच घरांत सव्वा-सव्वा मूठ धान्य घरातल्या पुरुषांच्या मोजणीने घेतात. उत्सव देवीचा, दळणं-रांधणं बायांचं, मोजणीत पुरुष. पोरगी हे दरवर्षी बघते.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायची रीत आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना तिथल्याच आहेत. पण एकाच खान्देशात बाईपणाच्या इतक्या रीती असतील, तर त्यातली निसर्गाची कोणती? आणि शहाद्यात १९७२ नंतर आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या भिल्ल बाया गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांतल्या बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती, आणि टीव्ही तर त्या पाड्यांवर पोहोचलाच नव्हता.