आमच्या शेतातून केबल टाकायची परवानगी दिली कोणी?

शेताचा मालक गावातच राहतो, त्याचा सातबारा कोणालाही ऑनलाइन पाहता येतो, बांधापासून त्याचे घर हाकेच्या अंतरावर आहे. तरीही फायबरची केबल टाकणारा ठेकेदार जेसीबी घेऊन येतो, उभ्या पिकातून चर खणतो, त्यात पाइप पुरतो, वरून माती ओढतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. या सगळ्यात मालकाला एका शब्दाने विचारावे, एका कागदावर त्याची सही घ्यावी, असे त्याला वाटत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

सातारा जिल्ह्यात आले पिकवणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको की, या पिकाला पाणी साचलेले अजिबात चालत नाही. म्हणून तर आपण उंच गादीवाफे करतो, त्यावर ठिबकच्या नळ्या अंथरतो आणि बियाणे, शेणखत, मजुरी यांवर उसनवारी करूनही खर्च करतो. केबल टाकणाऱ्या या लोकांनी आमच्या शेतातले ते वाफे आडवे कापले. चर भरताना वरची काळी माती खाली घातली आणि खालचा मुरूम वर आणून ठेवला. धुमसाने चोपण्याचे कष्टही घेतले नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात चर खचला, त्यात पाणी तुंबले, त्या पट्ट्यातील आल्याला कंदकूज लागली आणि ती शेजारच्या वाफ्यांत पसरली. विहिरीवरून येणारी आमची पीव्हीसी पाइपलाइन जेसीबीच्या बकेटच्या दाताने फुटली होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेने आवळून त्यांनी माती लोटली. आम्हाला ते कळले मोटार सुरू केल्यावर, शेतात पाणी उसळले तेव्हा. पाइप फुटणे एक वेळ समजू शकते, परंतु फुटलेला पाइप झाकून ठेवणे ही लबाडी आहे.

ठेकेदाराच्या माणसाचे म्हणणे असे की, दूरसंचाराच्या कामाला कोणाची परवानगी लागत नाही. हे साफ खोटे आहे. १८८५ च्या इंग्रज अमदानीतील तार कायद्यानेसुद्धा कमीत कमी नुकसान करण्याचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देण्याचे बंधन घातले होते, आणि जमिनीवर वापरापलीकडे कोणताही हक्क दिला नव्हता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे कलम १२ तर याहून स्पष्ट आहे: खासगी मालमत्तेतून मार्ग हवा असेल तर मालकाकडे अर्ज करायचा आणि मोबदला ठरवून त्याच्याशी करार करायचा. मालकाने नकार दिला आणि काम सार्वजनिक हिताचे असेल, तर केंद्र सरकारकडे जाण्याचा मार्ग कायद्याने कंपनीला मोकळा ठेवला आहे. विजेच्या वाहिन्यांसाठीही २००६ चे नियम मालकाची पूर्वसंमती मागतात आणि त्याची हरकत असल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची किंवा तशा अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यायला सांगतात. म्हणजे विचारण्याची रीत सगळीकडे आहे. ती पाळायची नाही एवढेच यांनी ठरवून टाकले आहे.

मग दुसरा मुद्दा पुढे केला जातो की, ही रस्त्याची हद्द आहे आणि रस्त्याच्या खात्याची परवानगी आमच्याकडे आहे. आमच्याकडचा रस्ता मूळचा पाणंदीचा. त्याचे पुढे खडीकरण झाले, डांबर पडले, पण भूसंपादन कधी झाले नाही, कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातल्या बदलाची नोंद, झाले नाही आणि ते क्षेत्र आजही आमच्या सातबाऱ्यावर आहे. शिवाय हा चर रस्त्याच्या कडेचा नाहीच. तो साइडपट्टी आणि गटार ओलांडून बांधाच्या आत आला आहे, कारण कडेला कातळ लागला आणि मऊ जमीन खणणे त्यांना स्वस्त पडले. खात्याने दिलेली परवानगी आमच्या गट नंबरच्या जमिनीला कशी लागू होते, हे मला एकाही माणसाने आजवर सांगितलेले नाही.

तक्रार करायला गेलो तर ग्रामपंचायत म्हणते आम्ही फक्त ना हरकत दाखला दिला, तलाठी म्हणतात जमिनीची सरकारी मोजणी करून आणा, पोलीस म्हणतात ही दिवाणी बाब आहे. कंपनीच्या फोनवर ग्राहक क्रमांक विचारतात आणि मी ग्राहक नाही म्हटल्यावर तक्रारच नोंदवून घेत नाहीत. सर्वांत चीड येते ती मोजणीची. अतिक्रमण त्यांनी केले, आणि पैसे भरून, तारीख पडेपर्यंत वाट पाहून स्वतःची जमीन स्वतःचीच आहे हे मी सिद्ध करायचे!

याउपर विकासाला आडवे येता म्हणून गावात बोलणी खावी लागतात. आमच्या मुलांनाही इंटरनेट हवेच आहे. रीतसर विचारले असते तर बांधाच्या कडेने, पीक निघाल्यावर, खोल चर खणून केबल न्यायला मी आनंदाने जागा दिली असती. आता ती आहे गुडघाभर खोलीवर, जिथे सरकारी कामांत १.६५ मीटरचा निकष चालत आला आहे. वर खुणेचा दगड नाही, कागदावर नकाशा नाही. पलटी नांगर लागून केबल तुटली तर गुन्हा दाखल करू, असे सुपरवायझर मलाच बजावून गेला. माझ्या शेतात मी नांगर कुठे घालायचा हे तो ठरवणार, आणि केबल नेमकी कुठून गेली आहे हे विचारले की उत्तर मात्र देणार नाही.

मी कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आहे आणि तिची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. मागण्या सरळ आहेत: पिकाची आणि पाइपलाइनची पंचनाम्यानुसार भरपाई, केबलचा खोलीसह नकाशा, आणि लेखी करार करायचा नसेल तर नांगरट सुरू होण्याआधी स्वखर्चाने केबल काढून रस्त्याच्या बाजूला नेणे. तोंडी आश्वासनावर मी आता एक पाऊलही मागे घेणार नाही.